सावजाचा डाव

मेघना माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असंच ती शाळेत होती तेव्हापासून चालत आलेलं. त्यामुळे मार्चमधल्या त्या सकाळी, हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना, फोनवर "स्मितामावशी, बाबा गेला" एवढंच ऐकू आलं तेव्हा हे कोण बोलतंय तेच मला आधी कळेना. मग कळलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मी थोडी पुढे सरकले, आणि फोन तसाच कानाला लावून आम्ही दोघी गप्प राहिलो...

मेघनाचे बाबा, विश्वासदादा सावंत, यांना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांचा आजार असा होता की शेवट सगळ्यांना ठाऊक होता, त्यांना सर्वांत आधी. इथे टेक्सासमध्ये, प्लेनो शहरातल्या आमच्या मंडळींमध्ये जो तो "सुटले बिचारे" म्हणाला. मीही म्हटलं. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर मला तो शब्द पुरत नाही. ते शेवटी एका प्रश्नात अडकले होते, आणि तो प्रश्न सुटला असं काही मला वाटत नाही.

आमची ओळख दोन हजार एकमधली. मी पुण्याहून नुकतीच आले होते आणि एका टेलिकॉम कंपनीत अँटेना बसवायचे, फिरवायचे सांगाडे डिझाइन करत होते. ते दिवस वाईट होते. रोज कुणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं, जेवणाच्या सुट्टीत लोक दबक्या आवाजात बोलायचे. त्या खोलीत मोठ्याने हसणारा माणूस एकच, आमच्या टेस्टिंग विभागातले सावंत. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे, मूळचे कुडाळकडचे, मिशी भरदार. पहिल्याच दिवशी समोर येऊन बसले, डबा उघडला, आणि कोकमाचा वास आला.

"काय गो, शाकाहारी काय तू?"

"हो."

"मग ह्याच्याकडे बघू नको. हरणाचं सुकं आहे."

"हरणाचं? म्हणजे तुम्ही... मारलंत?"

"मग काय दुकानात मिळतं?" म्हणाले, आणि माझा चेहरा बघून ते हसू.

मला खरं तर उठून जावंसं वाटलं होतं. मी उठले नाही आणि तिथून आमची मैत्री सुरू झाली. त्यांच्या बायकोच्या, सुनीतावहिनींच्या हातची माझ्यापुरती वालाची उसळ पुढे नेमाने त्या डब्यातून येऊ लागली. बदल्यात मी त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकायच्या. तेव्हा त्यांच्या गावी पिकांच्या राखणीसाठी काही घरांत परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असत. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, मग गोळी. एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर पार डोंगरापलीकडे. त्यांच्या चुलत्यांकडे अशी बंदूक होती. एकदा कॉलेजच्या सुट्टीत विश्वासदादांनी बार टाकला, रानडुक्कर जखमी होऊन पळालं आणि अंधार पडला. चुलत्यांनी घरी आल्यावर त्यांना जेवायला बसू दिलं नाही. "ते तिकडे तडफडतंय आणि तू भात खातोस?" सकाळी दोघं निघाले, काट्याकुट्यांतून माग काढत गेले आणि दुपारी ते सापडलं. मग जेवले. ही गोष्ट सांगताना ते हसत नसत.

टेक्सासमध्ये आल्यावर त्यांनी तशीच ठासणीची बंदूक घेतली. इथे ती हौसेची चीज म्हणून मिळते. पश्चिमेला काही तासांवर डेल नावाच्या एका गुरं पाळणाऱ्याचं रान होतं, तिथे ते दर हिवाळ्यात जायचे. वहिनींबरोबर मीही एकदा गेले, नुसती सहलीला म्हणून. सगळीकडे मेस्कीटची झुडपं, म्हणजे आपली वेडी बाभूळच म्हणा, लाल माती आणि मधे कोरडे ओढे. तिथे एका मोकळ्या जागी तीन पायांवर उभं केलेलं एक पिंप मला दिसलं. डेलने ते मला कौतुकाने दाखवलं. आत मका भरलेला, खाली बॅटरीवरचं घड्याळ. पहाटे आणि संध्याकाळी ठरल्या वेळी पिंपाची चकती फिरते, मका चारी बाजूंना उडतो आणि त्या आवाजाला हरणं येतात. समोरच्या झाडाला कॅमेरा बांधलेला होता. कोण आलं, कधी आलं, शिंगं केवढी, सगळं त्यात दिसायचं. शहरातून येणाऱ्या शिकाऱ्यांना डेल आधीच फोटो दाखवायचा.

"हे काय रे, उपाहारगृह काढलंस?" विश्वासदादा त्याला इंग्रजीत म्हणाले.

डेल शांत माणूस. म्हणाला, "विश, तू तुझी धुराची बंदूक घेऊन त्या ओढ्यात दिवसभर बसतोस. मागच्या वर्षी तुझं हरीण किती लांब पळालं? माझी गिऱ्हाइकं दुर्बीण लावतात, अंतर मोजायचं यंत्र वापरतात, आणि हरीण जागच्या जागी पडतं. हरणाला विचार, त्याला कुठलं आवडेल."

"हरणाला विचारायचं तर ते दोन्ही नको म्हणेल."

"मग तू रेघ कुठे मारणार? तुझा चष्मा चालतो, माझी दुर्बीण चालत नाही?"

विश्वासदादांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की ते चिडायचे. परत येताना गाडीत ते अजून धुसफुसत होते. मग मला म्हणाले, "इथले जुने शिकारी फेअर चेस म्हणतात. आमचे काका म्हणायचे, सावजाला त्याचा डाव मिळाला पाहिजे. त्याला वास यावा, चाहूल लागावी, पळता यावं. आपण हरू शकलो पाहिजे गो. नाहीतर मग खाटीक काय वाईट? तो निदान मोठेपणा मिरवत नाही."

मी म्हटलं, मला दोन्हींतला फरक दिसत नाही, दोन्हीकडे हरीण मरतंच. वहिनी पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "दिसेल गं. यांच्याबरोबर राहिलीस की दिसतो, पटत नाही तरी."

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. आम्ही थट्टा केली. मग सही वाकडी यायला लागली, शर्टाची बटणं वहिनी लावायला लागल्या, आणि तपासण्यांच्या फेऱ्यांनंतर डॉक्टरांनी नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच हळूहळू मरतात, मन मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं, असा तो आजार. त्यांनी हे मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये सांगितलं, गाडीला टेकून, एखादी मीटिंग कॅन्सल केली असं सांगावं तसं.

त्याच सुमारास आमच्या राज्यात कुणीतरी एक सोय काढल्याची बातमी आली. रानात बंदूक बसवायची, तिला कॅमेरा जोडायचा, आणि हजार मैलांवर बसलेल्या माणसाने घरच्या संगणकावर बटण दाबून हरीण मारायचं. पुढे सरकारने ते बंद केलं, पण तेव्हा सगळीकडे चर्चा तीच. संक्रांतीला आम्ही कुणाकडे तरी जमलो होतो. विश्वासदादा संतापले होते. जमलेल्यांपैकी एकाने सहज विचारलं, "पण यार, जे लोक अंथरुणावर आहेत, ज्यांना चालता येत नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना हौस नसते?"

"ज्याला उठून जाता येत नाही, त्याने बार टाकू नये," विश्वासदादा म्हणाले. "विषय संपला."

त्यांच्या वाटणीचा तिळगूळ तेव्हा वहिनींनी धरून ठेवला होता.

पुढच्या दीड वर्षात त्यांचे दोन्ही हात गेले, मग पाय. विजेची खुर्ची आली. ती ते हनुवटीने चालवत. मेघना तेव्हा पशुवैद्यक शिकत होती, सुट्टी मिळाली की घरी यायची. आणि मग दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज तोपर्यंत जड झाला होता, वाक्य तुटत तुटत यायचं.

"तू अँटेना फिरवणारे सांगाडे बनवतेस ना... बंदूक फिरवणारा बनवशील?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हनुवटीने नेम... आणि नळीत फुंकलं की चाप. डेलने चौकशी केली आहे. तो शेजारी बसला तर मला परवानगी आहे."

"विश्वासदादा, तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हटलं होतं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तेव्हा मला वाटत होतं की मला कळतंय."

मेघना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा, धिस इज नॉट हंटिंग," ती म्हणाली. "मका टाकायचा, खुर्चीत बसायचं, फुंकर मारायची. तू स्वतःच याला काय म्हणाला असतास?" हे सगळं ती इंग्रजीतच बोलली, पण फुंकरीचं सांगताना तिने खरंच ओठांनी फुंकून दाखवलं, आणि लगेच तिला त्याचं वाईट वाटलेलंही दिसलं.

मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटत होतं त्या नको म्हणतील आणि मी सुटेन. त्या म्हणाल्या, "करून दे स्मिता. गेल्या वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलंय."

मी ते केलं. त्यांच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार. आणि खोटं कशाला सांगू, काम करताना मला मजा येत होती. विश्वासदादा खुर्चीतून सूचना द्यायचे, जुना टेस्टिंगवाला जागा व्हायचा. ठासणीची बंदूक यात चालणार नव्हती, डेलने त्याची रायफल दिली, दुर्बिणीसकट. दुर्बिणीतलं चित्र एका छोट्या पडद्यावर यायचं. डेलच्या रानातल्या एका माळावर आम्ही कागदी निशाणांवर नेम तपासले. एकच गोष्ट खटकत होती. त्यांनी ठरवायचं, मग श्वास गोळा करून फुंकायचं, मग मोटरने चाप ओढायचा... यात एक क्षण जायचा. आम्हा दोघांनाही तो माहीत होता. कागदावर त्याने काही फरक पडत नव्हता. कागद पाऊल उचलत नाही.

नोव्हेंबरमध्ये आम्ही गेलो. मेघना येणार नाही म्हणाली होती आणि आदल्या दिवशी बॅग घेऊन हजर झाली. पहाटे डेलने गाडी लपणापर्यंत नेली. लपण म्हणजे समोर फट ठेवलेली लाकडी खोली. आत विश्वासदादांची खुर्ची, माझा सांगाडा, डेल आणि मी. वहिनी आणि मेघना मागे गाडीत. उजाडलं, पिंपाची चकती फिरली, मका उडाला, आणि डेलने फोटोंमध्ये दाखवलेला तोच नर अगदी त्याच वाटेने आला. मला आठवतंय, मला त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. इतकं सगळं ठरल्यासारखं होतं. विश्वासदादांची हनुवटी हलली, पडद्यावरची रेघ त्याच्या खांद्यामागे येऊन थांबली. ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी श्वास घेतला, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका हरणाने मक्यासाठी धडक दिली म्हणून त्या नराने एक पाऊल पुढे टाकलं.

बार झाला. नर पाठ वाकवून उडाला आणि झुडपांत गेला.

"मागे लागला," विश्वासदादा म्हणाले. "पोटात..."

डेलने मान हलवली. मी उठायला लागले तर त्यांनी डोळ्यांनीच मला बसवलं. "आत्ता नको. मागे लागलात तर ते आणखी पळेल. बसू दे त्याला." आणि मग आम्ही त्या खोलीत थांबलो. इतकं लांबलेलं थांबणं मी आयुष्यात अनुभवलेलं नाही. बाहेर बाकीची हरणं परत येऊन मका खात होती. विश्वासदादा त्यांच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर नर गेला त्या झुडपांवर होती, आणि त्या धडात फक्त डोळेच तेवढे चालायला उठल्यासारखे दिसत होते.

ऊन वर आल्यावर डेल, मी आणि मेघना निघालो. वहिनी विश्वासदादांजवळ थांबल्या, हातात वॉकीटॉकी धरून. पलीकडून तुटक प्रश्न यायचे. रक्ताचा रंग? काळपट. कुठे आहे, जमिनीवर की पानांवर? मेघना वाकून बघायची आणि सांगायची. विश्वासदादा सांगायचे, ओढ्याकडे बघा, जखमी जनावर पाण्याकडे उतरतं. एका टेकाडापलीकडे गेल्यावर यंत्रातून नुसती खरखर यायला लागली. तिथून पुढे माग मेघनानेच काढला. ओढ्याच्या वळणावर तो नर बसलेला सापडला, मान ताठ. आमच्याकडे बघत होता. उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय उठले नाहीत.

डेलने खांद्यावरची बंदूक काढली. मेघनाने हात पुढे केला. तिला बंदूक चालवायला बाबांनीच शिकवलेलं, पण कॉलेजात गेल्यापासून तिने ती हातात घेतली नव्हती. "लेट मी," ती म्हणाली. मी तोंड फिरवलं. एकच आवाज झाला.

परत आलो तेव्हा ती सरळ खुर्चीसमोर गेली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "ही वॉज ऑलरेडी गॉन, बाबा. आम्ही पोचायच्या आधीच." आम्ही खूप लांब गेलो होतो, मधे टेकाड होतं. आवाज पोचला नसेल असं तिला वाटलं असावं. डेलने टोपी काढून आत बघितलं. विश्वासदादा तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "थँक यू, बाळा."

त्यानंतर त्यांनी बंदुकीचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी केव्हातरी, बोलणं जवळजवळ थांबलं होतं तेव्हा, मी त्यांच्याजवळ बसले असताना ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बार... ऐकला मी. तिला सांगू नको."

मी विचारलं, "माझ्या यंत्राचं चुकलं का?"

"यंत्र चांगलं होतं." मग खूप वेळाने, "मी आधी म्हटलं होतं तेच बरोबर. उठून जाता येत नाही... त्याने बार टाकू नये." मला वाटलं संपलं. पण ते पुढे म्हणाले, "पण ते म्हणताना... किती सोपं वाटलं होतं गो. तसं सोपं... नाही ते." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मला पुसावं लागलं. रेघ कुठे मारायची, हा डेलचा प्रश्न त्यांच्यापाशी तसाच राहिला. आता तो माझ्याकडे आलाय.

कारण ते गेल्यानंतर पंधरवड्याने डेलचा वहिनींना फोन आला. त्याच्या गावातला एक तरुण इराकहून दोन्ही हात गमावून आला होता. लहानपणापासून शिकार करणारा मुलगा. सांगाडा त्याला मिळेल का, असं डेल विचारत होता. वहिनींनी मला बोलावलं. आम्ही तिघी गॅरेजमध्ये उभ्या होतो, तो सांगाडा चादरीखाली होता. मी म्हटलं, मोडून टाकू या. वहिनी म्हणाल्या, "आणि त्या पोराला काय सांगायचं? आमच्या माणसाला त्रास झाला म्हणून तू घरात बस?"

मेघनाने मला एकदम विचारलं, "मावशी, डिड ही नो?"

मी विश्वासदादांना शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. तिच्याकडे बघितल्यावर मात्र मला खोटं बोलवेना. "हो," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं होतं."

ती कितीतरी वेळ चादरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. "अँड ही सेड थँक यू," ती म्हणाली, आणि रडायला लागली. वहिनींनी तिला जवळ घेतलं.

सांगाडा तिनेच नेऊन दिला. त्या मुलाला तिने विचारलं, जखमी झालं तर तुझ्यासाठी चालत कोण जाणार? त्याचा भाऊ पुढे आला म्हणे. मग तिने सगळं जोडून दाखवलं, तो मधला क्षणसुद्धा समजावून सांगितला. हे योग्य झालं का, मला माहीत नाही. कधी वाटतं, झालं. कधी पहाटे जाग येते आणि पिंपाच्या चकतीचा आवाज कानात येतो.

काल सकाळी वहिनींना भाजी द्यायला गेले होते. शेवटच्या वर्षात विश्वासदादांना बाहेर नेणंही अवघड झालं तेव्हा त्यांनी एक खोड लावून घेतली होती, हे मला कालच कळलं. उठल्यावर पहिला प्रश्न, वारा कुठून आहे? वहिनी अंगणात जायच्या, बोट ओलं करून वर धरायच्या, आणि आत येऊन सांगायच्या. मग ते डोळे मिटून पडायचे, आणि डेलच्या रानात आज कुठल्या बाजूने शिरावं लागलं असतं ते मनाशी ठरवत राहायचे.

मी गाडीतून उतरले तेव्हा त्या ड्राइव्हवेवर गाऊनवरच उभ्या होत्या, बोट वर धरून. मला पाहून ओशाळल्या. हात खाली घेतला, पदर नव्हता तरी खांद्यावरून सारखा केल्यासारखं केलं. मग घराकडे वळल्या, आणि उघड्या दारातून आत, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दक्षिणेचा आहे हो आज."